दोन संगमांवरचे अकरावे शतक

(सात रस्ता, सोलापूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा एक आग्रह असे: इतिहास शिकवायचा तर मुलांना दगडापाशी न्या, दगडाला हात लावू द्या आणि मग प्रश्न विचारा. आजचा विषय मी त्यांच्या या आग्रहाला धरूनच निवडला आहे.

मी दोन जागांबद्दल बोलणार आहे. पहिली आपल्याच जिल्ह्यातली. इथून विजापूरच्या दिशेने निघाले, की सुमारे चाळीस किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येते. तिथे सीना भीमेला मिळते आणि नदीपलीकडे कर्नाटक सुरू होते. संगमाच्या काठी संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन मंदिरे आहेत. दुसरी जागा फ्रान्सच्या दक्षिण भागात, डोंगरउतारावर वसलेले काँक नावाचे गाव. तेही दोन नद्यांच्या संगमावर आहे, दुर्दू आणि ऊश यांच्या. गावाची वस्ती काही शेकड्यांची, पण मध्यभागी सँत फ्वा या बालसंतेच्या नावाचे भव्य दगडी चर्च उभे आहे. कुडलच्या संगमेश्वर मंदिरातील शिलालेख शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा. काँकच्या आजच्या चर्चची उभारणी त्याच शतकाच्या मध्याला, मठाधिपती ओदोल्रिक याच्या काळात सुरू झाली. दोन्ही वास्तू एकाच शतकातल्या, दोन्ही संगमावरच्या, दोन्ही आज लहान गावांच्या सोबतीने उभ्या. त्या बांधणाऱ्यांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती.

मी दोन्ही ठिकाणी गेलो आहे, आणि दोन्हीकडे तेच तीन प्रश्न विचारत फिरलो आहे. इथे माणसे काय करायला येत? डोक्यावरचा भार जमिनीपर्यंत कसा पोचतो? आणि ही वास्तू आजवर टिकली ती कोणामुळे? माझे म्हणणे असे की या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आली म्हणजे कोणतीही जुनी वास्तू आपल्याशी बोलू लागते. नुसते राजांचे सन पाठ केल्याने ती बोलत नाही. आणि ही उत्तरे शोधू लागले, की आपल्या अंगणातले कुडल जगातल्या मोठ्या वास्तूंच्या पंक्तीत बसवून पाहता येते.

दगडाचा सुकाळ

आधी काळ समजून घेऊ. इ. स. १०१८मध्ये आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. गादीवर जयसिंह दुसरा होता. दक्षिणेत राजेंद्र चोळ त्याचा प्रतिस्पर्धी, आणि १०२१मध्ये मस्कीला दोघांची लढाई झाली. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१०च्या सुमारास पूर्ण झाले होते. खजुराहोचा कंदारिया महादेव त्याच पिढीतला. कोकणात शिलाहारांच्या राज्यात अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे १०६०मध्ये उभे राहिले. देशभर दगडाची मंदिरे उठत होती असा तो काळ.

पश्चिम युरोपात याच सुमारास तसेच घडत होते. बर्गंडीतला राउल ग्लाबेर नावाचा भिक्षू लिहून ठेवतो की सहस्रक उलटल्यानंतर थोड्याच वर्षांत जगाने जुने वस्त्र टाकून चर्चांचे पांढरे वस्त्र पांघरल्यासारखे झाले. शेती सुधारली होती, बाजार वाढले होते, मठांकडे जमिनी आणि देणग्या येत होत्या. इ. स. १००० ते १२०० या दोन शतकांत तिकडे जी शैली रुजली तिला आज रोमनेस्क म्हणतात. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, दगडी छत आणि लहान खिडक्या ही तिची खूण. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चला आपण ज्या टोकदार कमानी पाहतो, ती गॉथिक शैलीची एकोणिसाव्या शतकातली पुनरावृत्ती. मूळ गॉथिक रोमनेस्कच्या पोटातून बाराव्या शतकात जन्मले. गोव्याची चर्चे त्याहून पुष्कळ पुढची, सोळाव्या-सतराव्या शतकांतली. त्यामुळे रोमनेस्क आपल्या किनाऱ्याला कधी लागलेच नाही. ते समजून घ्यायला त्याच काळातले आपले मंदिर शेजारी ठेवावे, हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

माणसे काय करायला येत

काँकला माणसे येत ती एका मुलीच्या अस्थींसाठी. सँत फ्वा ही चौथ्या शतकाच्या आरंभी आजां नावाच्या गावी धर्मासाठी मारली गेलेली मुलगी. तिचे अवशेष ८६६मध्ये काँकच्या एका भिक्षूने गुपचूप उचलून आणले आणि गावाचे नशीब पालटले. ते अवशेष एका बसलेल्या मूर्तीत ठेवले होते. आतून लाकूड, वरून सोन्याचा पत्रा, त्यावर भक्तांनी वाहिलेली रत्ने. १०१३मध्ये, म्हणजे कुडलचा लेख कोरला जाण्याच्या पाच वर्षे आधी, आंजेच्या विद्यालयातला बर्नार्ड नावाचा विद्वान तिथे गेला. सोन्याच्या मूर्तीपुढे लोक लोटांगण घालतात हे पाहून तो आधी अस्वस्थ झाला. त्याला ते जुन्या रोमन देवतांच्या पूजेसारखे वाटले. पुढे त्याचे मत पालटले आणि त्याने त्या संतेच्या चमत्कारांचा ग्रंथच लिहिला. मूर्तीत देव पाहावा की पाहू नये, हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाद त्याच शतकात फ्रान्सच्या डोंगरातही चालू होता.

पुढे स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी पायी यात्रा वाढली आणि काँक त्या वाटेवरचा मुक्काम झाले. आता अडचण अशी होती: मठातल्या भिक्षूंची प्रार्थना दिवसातून ठरलेल्या वेळी चालू राहिली पाहिजे, आणि शेकडो यात्रेकरूंना अवशेषांचे दर्शनही झाले पाहिजे. बांधणाऱ्यांनी यावर उपाय काढला. मुख्य वेदीच्या मागून अर्धवर्तुळात फिरणारी एक वाट केली आणि तिच्या बाहेरच्या अंगाला लहान देवड्या काढल्या. यात्रेकरू एका बाजूने आत येतो, वेदीला वळसा घालतो, देवड्यांतल्या संतांना नमस्कार करतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. मधली प्रार्थना थांबत नाही. तुलूजचे सँ-सेर्नँ आणि खुद्द सांतियागोचे चर्च याच आराखड्यावर बांधलेली आहेत.

ही वाट पाहून आपल्यापैकी कोणीही चटकन म्हणेल, हा तर प्रदक्षिणामार्ग. मलाही तेच वाटले. पवित्र वस्तू मध्ये, आणि माणूस तिच्याभोवती चालतो. चालणे हीच उपासना. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण इथेच दोन परंपरा वेगळ्या होतात, आणि वास्तूही वेगळी होते. मंदिर हे देवाचे घर. गर्भगृहात देव राहतो, पुजारी आत जातो, भक्त उंबऱ्यापाशी थांबून दर्शन घेतो आणि पुढच्याला जागा देतो. म्हणून गर्भगृह लहान, काळोखे आणि समईच्या उजेडाचे. चर्च हे मंडळीचे घर. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच छताखाली, एकाच दिशेला तोंड करून उभे राहायचे. म्हणून तिथे मोठी, मोकळी, मध्ये खांब नसलेली जागा लागते. काँकचे चर्च सुमारे ५६ मीटर लांब आहे आणि त्याच्या मधल्या दालनाचे छत सुमारे २२ मीटर उंच. कुडलच्या मंदिरांना एवढ्या पोकळीची गरजच नव्हती. त्यामुळे यातले एक मोठे आणि एक लहान म्हणून थोर-कनिष्ठ ठरवणे म्हणजे दोन वेगळ्या कामांना एकच माप लावणे होय.

मंडळीच्या जागेची गरज आपल्याकडे मंडपाने भागवली. हरिहरेश्वराच्या पुढे वरून मोकळा असलेला स्वर्गमंडप आहे. खांबांच्या वर्तुळात उभे राहिले की डोक्यावर थेट आभाळ. याच कल्पनेचे भव्य रूप पाहायचे तर कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराच्या ४८ खांबांच्या स्वर्गमंडपात जावे. उजेड आत घेण्याचा हा आपला मार्ग होता. आधी उघडे आभाळ, मग सावलीचा सभामंडप, मग अंतराळाचा अंधुक पट्टा आणि शेवटी गर्भगृहाचा काळोख. पावलागणिक डोळे अंधाराला सरावत जातात आणि मन एकाग्र होते. काँकला भक्ताचा प्रवास उलट आहे. तो दाराच्या सावलीतून आत शिरतो आणि वेदीजवळच्या उजेडाकडे चालत जातो.

भार जमिनीपर्यंत कसा पोचतो

आता दुसरा प्रश्न. हा मला सर्वांत आवडतो, कारण इथे कारागिराची बुद्धी दिसते.

दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर दगडी तुळई आडवी ठेवली की वरच्या भाराने ती किंचित वाकू पाहते. तिचे वरचे अंग दाबले जाते आणि खालचे ताणले जाते. तुळई लांब केली तर हा ताण वाढतो आणि एक दिवस ती खालून तडकते. आपला काळा बेसाल्ट कठीण, पण या नियमातून त्याचीही सुटका नाही. म्हणून आपल्या मंदिरांत खांब जवळजवळ येतात. खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना हस्त काढतात, म्हणजे तुळईला टेकू थोडा पुढे मिळतो आणि तिची उघडी लांबी कमी होते. त्या हस्तांवर कोरलेले कीचक आपण पाहतो: गुडघे दुमडलेले, पोट सुटलेले, दोन्ही हातांनी वरचा भार उचललेले. सजावटीसाठी कोरलेले ते ठेंगणे जीव नेमके तिथेच बसवलेले असतात जिथे खरोखर भार पडतो. शिल्पकाराला भाराची वाट माहीत होती.

तुळयांमधला चौक झाकायचा कसा? त्याच्या चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवायचे, म्हणजे आत लहान चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरपे दगड. किंवा वर्तुळात थरावर थर रचत जायचे आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आत घ्यायचा. आपल्याकडे ज्वारीच्या कडब्याची गंजी वरच्या बाजूला जशी आत घेत घेत मिटवतात, तसेच. शेवटी उरलेल्या छिद्रावर एक दगड ठेवला की छत पुरे. या रचनेत दगड एकमेकांवर सरळ खाली बसतात. बाजूला ढकलत नाहीत. चुन्याची गरज पडत नाही. सांधे इतके अचूक घासायचे की दगडावर दगड स्वतःच्या वजनाने बसावा. तीस-चाळीस पिढ्यांचे पाऊस आणि भीमेचे पूर सोसून हे खांब उभे आहेत ते या शिस्तीमुळे.

काँकच्या बांधणाऱ्यांना अशी खांबांची दाटी परवडणारी नव्हती. त्यांनी कमान घेतली. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, ताण कुठेच येत नाही, म्हणून ती रुंद अंतर पेलते. पण कमान आपला भार सरळ खाली देत नाही. ती दोन्ही पायांना बाहेर ढकलते. आणि अर्धवर्तुळाकार छत म्हणजे एकामागे एक जोडलेल्या कमानीच. त्यामुळे ते भिंतीला सगळ्या लांबीभर बाहेर ढकलते. यावर काँकला योजलेला उपाय फार देखणा आहे. मधल्या उंच दालनाच्या दोन्ही बाजूंना मजल्याचे सज्जे आहेत आणि त्यांच्यावर पाव-वर्तुळाचे छत आहे. ते पाव-वर्तुळ मधल्या भिंतीला नेमके छताच्या पायथ्याशी आतल्या बाजूला रेटते. बाहेर ढकलणारा जोर आणि आत रेटणारा जोर एकमेकांना अडवून धरतात. याची किंमत उजेडात मोजावी लागली. भिंती जाड, खिडक्या लहान आणि मधल्या दालनाच्या उंच भागाला सरळ उजेड नाही. हीच अडचण सोडवण्यासाठी इंग्लंडमध्ये डरहॅमच्या चर्चमध्ये १०९३नंतर छताला दगडी फासळ्या दिल्या गेल्या, आणि त्या वाटेने युरोप गॉथिककडे गेला.

मग आपल्याला कमान येत नव्हती का? येत होती. उत्तर प्रदेशात भीतरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात ती दिसते. दगडी मंदिर बांधणाऱ्यांनी ती जाणूनबुजून दूर ठेवली. जेम्स फर्ग्युसन या एकोणिसाव्या शतकातल्या वास्तु-अभ्यासकाने नोंदवले आहे की इथले लोक म्हणत, कमान कधी झोपत नाही. यात मला कारागिराचा शतकांचा अनुभव दिसतो. कमान सतत ढकलत असते. पाया जरा सरकला की ती स्वतःच स्वतःला पाडते. तुळई आणि खांब मात्र निवांत बसलेले असतात. ज्यांना देवाचे घर युगानुयुगे टिकवायचे होते त्यांनी निवांत बसणारी रचना निवडली.

आणि कुडलला गेलेल्या माणसाने त्याच विजापूर रस्त्याने आणखी पुढे जावे. तिथे १६५६मध्ये पुरा झालेला गोलघुमट आहे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर तोललेला, आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट. मध्ये एकही खांब नाही. तुळईची पराकाष्ठा आणि कमानीची पराकाष्ठा एकाच रस्त्यावर पाहायला मिळते, असे भाग्य फार थोड्या शहरांना लाभते. ते सोलापूरला लाभले आहे.

दगडावरची अक्षरे

आता मी त्या लेखाकडे येतो, ज्याच्यामुळे कुडलचे नाव मराठी भाषेच्या इतिहासात कायमचे जाऊन बसले. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, कालयुक्त संवत्सराचा उल्लेख असलेला लेख आहे आणि त्याच्या शेवटी मराठी वाक्य आहे. जो हे वाचेल तो विजयी होवो, असा त्याचा भाव. मराठीतल्या अगदी आरंभीच्या सनवार लेखांत त्याचे स्थान आहे. तो वाचून अभ्यासकांपुढे ठेवण्याचे श्रेय सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांचे. त्यांनी आयुष्यभर या जिल्ह्यातल्या गावोगावी जाऊन मंदिरांच्या भिंती, वीरगळ आणि पायऱ्यांचे दगड पालथे घातले आणि आपल्याला आपलीच अक्षरे परत दिली. या शहराने त्यांचे ऋण विसरू नये.

त्या काळी चालुक्यांच्या दरबाराची भाषा कन्नड होती. भीमेच्या दोन्ही काठांवर कन्नड लेख विपुल सापडतात. अशा प्रदेशात कोणीतरी तुळईवर मराठी वाक्य कोरले, म्हणजे त्याच्यासमोर मराठी वाचणारा माणूस होता. तो कोण असेल? यात्रेला आलेला शेतकरी, व्यापाऱ्याचा लेखनिक, मठातला विद्यार्थी? नाव कळत नाही, पण तो होता, आणि लिहिणाऱ्याला त्याची पर्वा होती. आज जो सोलापूरकर बाजारात मराठी, घरात कन्नड किंवा तेलुगू आणि शेजाऱ्याशी दक्खिनी उर्दू बोलतो, त्या बहुभाषिकतेचा एक पुरावा हजार वर्षांपूर्वीच्या तुळईवर आहे.

काँकच्या दाराच्या वरही अक्षरे आहेत. दाराच्या डोक्यावरच्या अर्धवर्तुळात अंतिम न्यायाचे दृश्य कोरले आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीचे हे शिल्प, त्यात १२४ आकृती. मधोमध ख्रिस्त, एका बाजूला स्वर्गाची शांत कमानदार घरे, दुसऱ्या बाजूला नरकाची गर्दी. मध्ये आत्म्यांचे तोलमाप. दगडावर जुन्या रंगाच्या खुणा अजून दिसतात. कमानीच्या काठावरून काही लहान चेहरे पडद्याआडून डोकावावे तसे खाली पाहतात. ते पाहून मला कुडलच्या हरिहरेश्वरातले शिवलिंग आठवले. सुमारे माणसाच्या उंचीच्या त्या लिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. एवढ्या मुखांकडे निरखून पाहताना त्या शिल्पकाराचा धीर थक्क करतो.

त्या न्यायदृश्याच्या पट्ट्यांवर लॅटिन ओळी आहेत आणि शेवटची ओळ पाप्यांना उद्देशून आहे. वागणूक सुधारली नाही तर कठोर न्याय वाट पाहत आहे, असा तिचा आशय. म्हणजे एका संगमावरचा दगड वाचणाऱ्याला इशारा देतो, दुसऱ्या संगमावरचा दगड वाचणाऱ्याला विजय देतो. दोन्ही दगड वाचणाऱ्याकडेच तोंड करून बोलतात. अकराव्या-बाराव्या शतकातली ही माणसे आपल्याला परकी वाटू नयेत, असे मला वाटते ते यामुळे. त्यांनी बांधताना पुढच्या पिढ्यांशी बोलण्याची तजवीज केली होती.

या मंदिरांना आपण सवयीने हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कुडलच्या लेखानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी त्याचे नाव पंढरपूरच्या ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात येते. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचे अर्धनारी नटेश्वराचे मंदिर रामचंद्र यादवाच्या काळात होते, तिथे शके १२२२चा लेख आहे. चालुक्यांचे कुडल आणि यादवांचे वेळापूर यांत तीन शतकांचे अंतर आहे. एकाच जिल्ह्यात या तीन शतकांतले बदल खांबाखांबावर तपासता येतात. सगळ्यांना एकच शिक्का मारला की ते तपासणेच थांबते.

टिकले ते कोणामुळे

तिसरा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा. राजे बांधतात, पण टिकवतो कोण?

बर्गंडीत क्लूनी नावाचा मठ होता. तिथले तिसरे चर्च १०८८मध्ये सुरू झाले आणि रोमचे नवे सेंट पीटर्स बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातले ते सर्वांत मोठे चर्च होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडांची खाण असल्याप्रमाणे सुरुंग लावून पाडले गेले. आज त्याचा अगदी थोडा भाग उभा आहे. त्याच धामधुमीत काँकच्या गावकऱ्यांनी चर्चमधले सोन्या-चांदीचे भांडार आपापल्या घरांत आणि बागांत लपवले आणि वादळ ओसरल्यावर परत आणून दिले. सर्वांत बलाढ्य चर्च गेले, आणि लहान गावाचे चर्च राहिले. तिथे त्या वास्तूला आपली मानणारी माणसे जवळ होती, एवढाच फरक.

तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत काँकची वास्तू खिळखिळी झाली होती. फ्रान्स सरकारने ऐतिहासिक वास्तूंसाठी महानिरीक्षकाचे पद निर्माण केले आणि १८३४मध्ये त्यावर प्रॉस्पेर मेरीमे या लेखकाची नेमणूक केली. तो १८३७मध्ये काँकला पोचला, एवढ्या आडवळणी दरीत हे वैभव पाहून हरखला आणि दुरुस्तीसाठी सरकारकडे त्याने आग्रह धरला. वेझले येथल्या अशाच मोडकळीला आलेल्या रोमनेस्क चर्चचे काम १८४०मध्ये त्याच्याच पुढाकाराने व्हियोले-ल-द्युक या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे सोपवले गेले. पुढे काँकच्या खिडक्यांना नवी काच हवी झाली तेव्हा त्याच भागात जन्मलेल्या पिएर सुलाज या चित्रकाराला बोलावले. त्याने १९९४मध्ये १०४ खिडक्या पुऱ्या केल्या, त्यांत एकही चित्र नाही. धुरकट पांढरी, उजेड गाळून देणारी काच आणि तिरप्या काळ्या रेघा. जुन्या दगडाचा रंग बिघडणार नाही एवढी एकच काळजी त्याने घेतली. जुन्या वास्तूत नवे काम करायचे तर किती नम्रपणे करावे, याचा हा धडा आहे.

कुडलचा इतिहासही असाच हाताला लागलेला आहे. हरिहरेश्वर मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखाली गेले होते. गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत अभ्यासकांनी आणि हौशी हातांनी ढिगारा उपसला, तेव्हा ती मुखे सूर्यप्रकाशात आली. एवढ्या जवळच्या काळात एखादे अकराव्या शतकातले मंदिर जमिनीतून वर येते, ही गोष्ट आपल्या पिढीचे भाग्य आहे आणि आपल्या पिढीवरची जबाबदारीही. शहरातही उदाहरण आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या पोटात जुन्या मंदिराचे खांब आणि अवशेष आहेत. हजारो लोक सिद्धेश्वर तलावाकाठी येतात, पण किल्ल्यातल्या त्या खांबांपाशी थांबणारे फार थोडे.

आपल्यापुढचे काम

म्हणून शेवटी मी काही स्पष्ट मागण्या मांडतो. त्या कोणावर दोषारोप म्हणून नाहीत. आपण सर्वांनी मिळून करायच्या कामाची ती यादी आहे.

पहिली मागणी नोंदीची. कुडलच्या प्रत्येक खांबाचे, तुळईचे आणि छताच्या दगडाचे मोजमाप घेऊन आराखडे तयार व्हावेत. उद्या एखादा दगड पुराने सरकला तर तो नेमका कुठला हे कळले पाहिजे. आपल्या शहरात पुरातत्त्व शिकवणारे विद्यापीठ आहे, वास्तुशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना याहून चांगली कार्यशाळा मिळणार नाही.

दुसरी मागणी संयमाची. श्रद्धेने का होईना, जुन्या दगडाला ऑइलपेंट लावू नये, सांध्यात सिमेंट भरू नये, गर्भगृहाच्या भिंतीला फरशी चिकटवू नये. मी वर सांगितले की हे दगड स्वतःच्या वजनाने बसलेले आहेत. सिमेंट त्यांचे हलणे-बसणे अडवते आणि पाणी आत कोंडून ठेवते. देवाची सेवा म्हणून केलेले काम देवाच्या घराला इजा करते. हे गावातल्या पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना प्रेमाने, बसून, समजावून सांगितले पाहिजे. ते ऐकतात, मी अनुभवाने सांगतो.

तिसरी मागणी गावाची. काँकला यात्रेकरूंना दारावरचे शिल्प समजावून सांगणारी माणसे भेटतात आणि त्या सांगण्यावर गावाची चूलही चालते. हत्तरसंग आणि कुडलच्या मुला-मुलींना तुळई, हस्त, कीचक, स्वर्गमंडप, संवत्सर हे सारे नीट शिकवले, तर पाहुण्याला मंदिर दाखवण्याचा मान आणि मोबदला दोन्ही त्यांना मिळतील. ज्या गावाला आपली वास्तू वाचता येते, त्या गावातून तिचा एकही दगड बाहेर जात नाही.

आणि शेवटची मागणी इथे बसलेल्या शिक्षकांकडे. प्रत्येक शाळेने सातवी-आठवीच्या मुलांना एकदा कुडलला न्यावे. आधी मंदिराबाहेर उभे करून विचारावे, हा भार जमिनीत कसा उतरतो? मग खांबांतून फिरवावे. मग तुळईवरच्या त्या ओळीपाशी नेऊन ती मोठ्याने वाचून घ्यावी. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या शिक्षकांनी आयुष्यभर हेच केले. मुलांना अक्षर ओळखता आले आणि भार ओळखता आला, की त्यांना कोणत्याही देशातली, कोणत्याही धर्माची जुनी वास्तू आपली वाटू लागेल, आणि तिच्यावर कुदळ उचलायला त्यांचा हात धजावणार नाही. हे शिक्षण देण्यासाठी लागणारे सर्व साहित्य आपल्याकडे, चाळीस किलोमीटरवर, हजार वर्षांपासून तयार आहे. ते वापरायचे ठरवूया, आणि येत्या शैक्षणिक वर्षापासूनच सुरुवात करूया.